सर्दीची गोळी, तुंबलेली लघवी आणि नॉरॲड्रेनलिन

ओसरी | सोमवार, रात्री १०:१२

गेल्या आठवड्यात रात्री दोन वाजता बाबांना घेऊन कॅज्युअल्टीत होते. वय ७१. संध्याकाळपासून बाथरूमच्या खेपा चालल्या होत्या आणि थेंबही येत नव्हता. ओटीपोट टरारलेलं, कपाळाला दरदरून घाम. नळी घातल्यावर पाऊण लिटरच्या वर लघवी निघाली. ड्युटीवरच्या डॉक्टर मुलीने पहिलाच प्रश्न केला, "आजोबा, सर्दीचं काही घेतलंत का?"

घेतलं होतं. दोन दिवस, दिवसातून तीनदा, कोपऱ्यावरच्या मेडिकलमधली गोळी. प्रोस्टेट वाढलंय हे घरात सगळ्यांना ठाऊक, आणि गोळी आणून दिली मीच.

शरमेची गोष्ट म्हणजे मी बी.फार्म. आहे. पुढे नोकरी भलत्याच क्षेत्रात केली, पण हा धडा एकेकाळी घोकून पाठ केला होता. त्या रात्री बाकावर बसून तो परत आठवत होते, म्हटलं इथे लिहावं. कुणा दुसऱ्याचे बाबा वाचतील.

आपल्या इच्छेविना चालणारी जी मज्जासंस्था आहे, तिचा एक भाग संकटाच्या वेळी कामाला लागतो. कुत्रं मागे लागलं की छाती धडधडते, बुबुळ मोठं होतं, हातपाय गार पडतात, लघवी-संडासची आठवण राहत नाही. हे सगळं घडवायला मज्जातंतूंच्या टोकांतून जो रासायनिक निरोप सुटतो तो बहुतेक ठिकाणी नॉरॲड्रेनलिन. अमेरिकन पुस्तकांत यालाच नॉरएपिनेफ्रिन म्हणतात, आणि ज्यांनी आयसीयूबाहेर रात्री काढल्यात त्यांनी "नॉरॲड चालू केलंय" हे वाक्य ऐकलं असेल, तेही हेच. जंतुसंसर्गाने रक्तदाब कोसळला की शिरा आवळायला हे थेट थेंबाथेंबाने रक्तात सोडतात. मज्जातंतूंचा निरोप्या हाच आहे हे स्वीडनच्या उल्फ फॉन ऑयलर यांनी १९४६ मध्ये दाखवलं. १९७० च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता.

तंतूच्या टोकाशी हे रसायन बारीक पिशव्यांत भरून ठेवलेलं असतं. इशारा आला की पिशवी फुटते आणि माल पलीकडच्या पेशीवरच्या रिसेप्टरला, म्हणजे निरोप घेणाऱ्या जागेला, जाऊन चिकटतो. काम झाल्यावर बराचसा माल तंतू स्वतःच परत ओढून घेतो, थोडा एन्झाइम मोडून टाकतात. औषधांना हात घालायला या वाटेवर भरपूर जागा आहेत: पिशवी भरणं, फुटणं, परत ओढणं, मोडणं आणि रिसेप्टर.

रिसेप्टरही एका जातीचे नाहीत. अल्फा-१ आवळतो. रक्तवाहिनी असो, मूत्राशयाची मान असो, प्रोस्टेटमधला स्नायू असो, आवळणं हेच त्याचं काम. बीटा-१ हृदयावर, ठोके वाढवणारा. बीटा-२ श्वासनळ्या सैल करतो, पण तो ॲड्रेनलिनचं जास्त ऐकतो, नॉरॲड्रेनलिनला फारसा दाद देत नाही. आणि अल्फा-२ हा गमतीदार. तो बऱ्याचदा निरोप पाठवणाऱ्या तंतूवरच बसलेला असतो आणि माल फार झाला की "पुरे" म्हणतो.

आता बाबांची गोळी. तिच्यात फेनिलेफ्रिन होतं. ते अल्फा-१ ला चिकटतं, नाकातल्या सुजलेल्या रक्तवाहिन्या आवळतं, नाक मोकळं होतं. पण आपण नाकासाठी घेतलंय हे गोळीला कोण सांगणार? मूत्राशयाच्या मानेवरही तोच अल्फा-१. तिथे आधीच प्रोस्टेटने वाट अरुंद केलेली, त्यात हे आवळलं. संपलं. विनोद असा की बाबा प्रोस्टेटसाठी रोज रात्री टॅमसुलोसिन घेतात, जे नेमकं त्याच अल्फा-१ ला अडवतं. म्हणजे एक गोळी दार उघडायला आणि दुसरी कडी लावायला, दोन्ही एकाच पाण्याच्या घोटाबरोबर.

नळी परवा काढायची आहे. तोवर तुमचे अनुभव लिहा.

---

खडीसाखर | सोमवार, रात्री १०:४०

बापरे. आमच्याकडे हीच गोळी डब्यात कायम असते. बाबांना लवकर बरं वाटू दे.

---

डॉ_फाटकी_छत्री | सोमवार, रात्री ११:२५

ओसरी, छान लिहिलंय, पण आरोपी चुकीचा पकडलात असं वाटतं. निदान मुख्य आरोपी तरी.

पोटातून घेतलेल्या फेनिलेफ्रिनचा मोठा भाग आतड्याच्या भिंतीत आणि यकृतातच निकामी होतो. रक्तात कामाचं असं फार थोडं पोचतं. म्हणून तर सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाच्या, म्हणजे एफडीएच्या, सल्लागार समितीने १६ विरुद्ध ० मतांनी सांगितलं की तोंडाने घेतलेल्या फेनिलेफ्रिनने नाक मोकळं होत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये एफडीएने ते अशा गोळ्यांतून काढून टाकण्याचा प्रस्तावही मांडला. नाकात फवारलेलं फेनिलेफ्रिन वेगळं, ते काम करतं.

मग जे नाकापर्यंत धड पोचत नाही ते मूत्राशयाच्या मानेपर्यंत कसं पोचलं?

गोळ्यांचा पत्ता उलटून बघा, त्यात क्लोरफेनिरामिन असणारच. शिंका थांबवायला. त्याचा नॉरॲड्रेनलिनशी संबंध नाही, ते ॲसिटिलकोलिन या दुसऱ्या निरोप्यालाही अडवतं. आणि मूत्राशयाची पिशवी आकुंचन पावून लघवी बाहेर ढकलते ती ॲसिटिलकोलिनच्या जोरावर. म्हणजे कडी लागली असेल-नसेल, ढकलणाराच झोपला. माझ्या ओपीडीत थंडीच्या दिवसांत अशी आजोबामंडळी येतातच, आणि त्यांच्या हातात बहुधा हीच जोडगोळी असते.

गोळीत स्यूडोएफेड्रिन हे नाक मोकळं करणारं दुसरं औषध असतं तर मी तुमच्या बाजूने मत दिलं असतं. ते आतड्यातून व्यवस्थित शोषलं जातं आणि तंतूच्या पिशव्यांतलं नॉरॲड्रेनलिन बाहेर काढतं.

जाता जाता, हीच जोडगोळी चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये असं आपल्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये बजावलंय. नातवंडांच्या घरातही हा डबा असतो.

---

ओसरी | सोमवार, रात्री ११:५१

डॉक्टर, पत्ता उलटून पाहिला. क्लोरफेनिरामिन २ मिलिग्रॅम आहे. कान पकडले. वर बदल करत नाही, लोकांना चूक आणि दुरुस्ती दोन्ही दिसू देत.

---

तिरफळ | मंगळवार, सकाळी ७:०५

नॉरॲड्रेनलिन म्हटलं की आम्हा रायगडवाल्यांना सर्दी नाही, विंचू आठवतो. तांबडा विंचू.

माझा धाकटा काका गेला तो पेंढ्यात हात घातल्यावर. मी तेव्हा पाच-सहा वर्षांचा. ठणका होताच, पण लक्षात राहिलंय ते वेगळंच. घामाने सदरा पिळून काढावा असा भिजलेला, हातपाय बर्फासारखे, वांत्या. पहाटेपर्यंत श्वास लागला आणि तोंडातून गुलाबी फेस. मांत्रिक होता, डॉक्टरही आले होते, कुणाचंच काही चाललं नाही. घरात बरीच वर्षं "विष हृदयात गेलं" एवढंच बोललं जायचं.

नंतर ९० च्या दशकात चुलतभावाला चावला, तसाच घाम, तसेच गार हात. महाडला नेला, गोळ्या दिल्या, दुसऱ्या दिवशी बसून पेज पीत होता. गोळी प्राझोसिन. रक्तदाबाची साधी गोळी! आमच्या आजीचा विश्वासच बसेना की विंचवावर इंजेक्शन नाही, गोळी.

ओसरी, तुमच्या पिशव्यांच्या भाषेत हे सांगाल का?

---

ओसरी | मंगळवार, दुपारी १:३०

तिरफळ, काकांचं वाचून गलबललं.

सांगते. विंचवाचं विष मज्जातंतूवरच्या सोडियमच्या वाटा बंदच होऊ देत नाही. तंतू पुन्हा पुन्हा पेटत राहतो, आणि दर वेळी टोकाशी पिशव्या फुटतात. शरीरभरच्या टोकांतून नॉरॲड्रेनलिन आणि वृक्कावरच्या ग्रंथींतून ॲड्रेनलिन, दोन्हींचा लोंढा. सगळीकडचे अल्फा-१ एकदम आवळतात. म्हणून हातपाय गार, रक्तदाब आभाळाला, आणि एवढ्या आवळलेल्या नळ्यांत रक्त ढकलता ढकलता हृदय थकतं. मग फुप्फुसात पाणी. गुलाबी फेस तो.

प्राझोसिन अल्फा-१ वर जाऊन बसतं. लोंढा थांबत नाही, पण त्याचं ऐकणारा कान बंद होतो. नळ्या सैल पडतात, हृदयाचा भार उतरतो.

हे शोधलं ते तुमच्याच महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी. बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात असताना ते रात्र-रात्र रुग्णाच्या खाटेशी बसून घाम, नाडी, रक्तदाब लिहून ठेवत. १९८२ मध्ये ही लक्षणं लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली, १९८६ मध्ये प्राझोसिनचा अनुभव. ज्यांना विष अंगभर भिनलंय अशांमध्ये मृत्यूचं प्रमाण आधी ३० टक्क्यांच्या आसपास होतं, ते १ टक्क्याच्या घरात आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

आमच्या कॉलेजात अल्फा ब्लॉकरच्या धड्यात प्राझोसिनपुढे "रक्तदाब, प्रोस्टेट" एवढंच लिहून घेतलं होतं. कॉलेज होतं महाडपासून तीन तासांवर. याचा मला अजून राग आहे.

---

डॉ_फाटकी_छत्री | मंगळवार, दुपारी २:१०

भर घालतो. आता विंचवाच्या विषावरची लसही (प्रतिविष) मिळते, आणि बावस्करांनीच दोन्ही एकत्र देऊन पाहिलं. २०११ मध्ये बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात आलं: नुसत्या प्राझोसिनने बरं व्हायला सरासरी १८ तासांच्या आसपास लागत, लस जोडल्यावर ८. लस विष पकडते, गोळी विषाने उठवलेलं वादळ.

मात्र प्राझोसिन घेऊन रुग्णाला उठवून चालवायचं नाही. पहिल्याच डोसला रक्तदाब धाडकन उतरून माणूस कोसळू शकतो. विंचू चावला तर घरात गोळी शोधत बसू नका, आडवं ठेवून दवाखाना गाठा.

---

सह्यकडा | मंगळवार, संध्याकाळी ६:४५

सगळे पाश्चात्त्य औषधांचे गोडवे गाताहेत. रक्तदाबावरचं जगातलं पहिलं खरं औषध आपल्या सर्पगंधेतून आलं हे कुणी बोलत नाही. आयुर्वेदात ते हजारो वर्षं होतं.

---

ओसरी | मंगळवार, रात्री ९:२०

बोलते की, आवडीचा विषय आहे. "पहिलं" म्हणणार नाही, पण पहिल्या काही कामाच्या औषधांत नक्की.

१९३१ मध्ये कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी सर्पगंधा वेडेपणावर आणि रक्तदाबावर चालते असं लिहिलं. पण जगाने दखल घेतली ती मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांच्यामुळे. त्यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये ५० रुग्णांची व्यवस्थित मोजमापं दिली. तीन वर्षांनी स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने मुळीतून रेसर्पिन वेगळं काढलं. १९५७ मध्ये वकिलांना लास्कर पारितोषिक मिळालं.

आणि ते करतं काय, तर पिशव्या भरणारा पंपच बंद पाडतं. बाहेर राहिलेलं नॉरॲड्रेनलिन एन्झाइम खाऊन टाकतात. इशारा येतो, पिशवी फुटते, आत काही नाही. शिरा सैल, दाब खाली.

पण पिशव्या मेंदूतही आहेत. तिथे नॉरॲड्रेनलिनबरोबर डोपामिन आणि सिरोटोनिनही संपतं. मोठ्या डोसवर काही रुग्ण खिन्न होऊन बसले. मनाची उदासी या रसायनांच्या कमतरतेतून येत असावी, हा पुढे गाजलेला तर्क बऱ्याच अंशी या निरीक्षणावर उभा राहिला. तो तर्क आज जसाच्या तसा कुणी मानत नाही.

तेव्हा सह्यकडा, मूळ आपलं हे मान्य. पण "आयुर्वेदिक आहे, काही होत नाही" म्हणून सर्पगंधा वटी मनाने घेऊ नका. होतं. चांगलंच होतं.

---

सह्यकडा | मंगळवार, रात्री ९:३३

वकील पारशी होते ना? मुंबईचेच, म्हणजे आपलेच. ठीक आहे, वटीचा मुद्दा मान्य.

---

गवतीचहा | बुधवार, सकाळी ११:१५

आई डायलिसिसवर आहे. रक्तदाबाच्या चार गोळ्यांत एक क्लोनिडिन. मावसबहिणीच्या लग्नाला कोल्हापूरला गेलो आणि गोळ्यांची डबी घरी राहिली. म्हटलं दोन दिवसांचा प्रश्न, बाकीच्या तिथे मिळाल्या, ही एक मिळाली नाही. दुसऱ्या दिवशी हळदीत डोकं फुटायला आलं, हात थरथर, दाब २२० वर १२०. आधी गोळी सुरू नव्हती तेव्हाही इतका कधी नव्हता! असं का?

---

डॉ_फाटकी_छत्री | बुधवार, दुपारी ३:००

कारण क्लोनिडिन ओसरींच्या त्या "पुरे" म्हणणाऱ्या अल्फा-२ ला चिकटतं. मेंदूच्या बुडाशी बसून ते सतत पुरे, पुरे म्हणत राहतं, तंतू माल सोडायचा कमी करतात. शरीराला याची सवय होते. एकाएकी गोळी थांबली की लगाम सुटतो आणि साठलेलं सगळं एकदम उधळतं. ही गोळी बंद करायची तर पायरी-पायरीने, डॉक्टरांना विचारून. चार गोळ्यांतली कुठली चुकली तर चालेल असं विचारायचंच नाही, पण ही चुकली तर सगळ्यात वाईट. आईंच्या पर्समध्ये एक जादा पत्ता ठेवा.

या औषधाची जन्मकथा सांगतो, धाग्याला शोभेल. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीत ते बनवलं होतं सर्दीवर! नाक मोकळं करायला. कंपनीतल्या एका डॉक्टरांनी आपल्या सर्दी झालेल्या सेक्रेटरीच्या नाकात थेंब घातले. नाकाचं काय झालं देव जाणे, बाई दुसऱ्या दिवसापर्यंत झोपल्या, दाब खाली, नाडी मंद. सर्दीचं औषध रक्तदाबाचं झालं.

---

भाबडा_प्रश्न | बुधवार, दुपारी ४:१८

नाकाचा विषय निघालाच आहे तर कबूल करतो. नाकात टाकायचे थेंब मी आठ महिने घालतोय. न घातले तर झोपच येत नाही. खिशात एक, ऑफिसात एक, गाडीत एक.

---

खडीसाखर | बुधवार, दुपारी ४:२५

माझ्या नवऱ्याने आयडी बदलून लिहिलंय का?

---

डॉ_फाटकी_छत्री | बुधवार, रात्री १०:०२

झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिन असणार. थेट नाकात पडतं, त्यामुळे गोळीसारखं वाया जात नाही, मिनिटांत शिरा आवळतात. पण रोज घातलं की रिसेप्टर दाद देईनासे होतात, आणि असर उतरला की नाक आधीपेक्षा जास्त सुजतं. मग परत थेंब. आता तुम्हाला सर्दी उरलेली नाही, थेंबांनीच नाक बंद पडतंय. तीन-चार दिवसांपुढे ते घालायचेच नसतात.

सुटका होते. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. ते बहुधा स्टेरॉइडचा फवारा देतील. काही जण आधी एकाच नाकपुडीत थेंब बंद करायला सांगतात, दुसरी चालू, म्हणजे रात्री श्वास तरी घेता येतो. एक-दोन आठवडे त्रास होईल.

---

रंगपीठ_मागे | गुरुवार, रात्री १२:४०

एकांकिकेच्या आधी आमच्यातला एक जण प्रोप्रानोलोल वाटायचा. खरंच हात कापायचे थांबतात. बरोबर की चूक?

---

ओसरी | गुरुवार, सकाळी ८:१५

वाटायचा हे चूक. प्रोप्रानोलोल बीटा-१ आणि बीटा-२ दोन्ही अडवतं. छातीतला ढोल आणि हातातली थरथर जाते, शरीर घाबरल्याची बातमी मेंदूला पोचत नाही म्हणून माणूस सावरतो. पण त्या घोळक्यात एकाला दमा असेल तर बीटा-२ अडल्यावर त्याच्या श्वासनळ्या आवळतील, आणि वर पंप मारला तरी तो नीट लागू पडणार नाही, कारण पंपाचं औषध त्याच बीटा-२ वर चालतं. विंगेत हे बघायला कोण बसलंय?

---

पाटपाणी | गुरुवार, सकाळी ९:५०

सासरे रुसून बसलेत. मधुमेहाने तळपाय जळतात म्हणून डॉक्टरांनी ड्युलोक्सेटिन दिलं. त्यांनी मोबाइलवर पाहिलं, तिथे "नैराश्यावरील औषध". आता म्हणतात, पाय दुखतो तर मला वेडाची गोळी दिली.

---

डॉ_फाटकी_छत्री | गुरुवार, दुपारी १:४५

हे ऐकून ऐकून माझे कान किटलेत! सासऱ्यांना असं सांगा: मेंदूतून पाठीच्या कण्यात काही तंतू खाली उतरतात आणि वर चाललेल्या वेदनेला वाटेतच दटावतात. ते दटावणं नॉरॲड्रेनलिनच्या भाषेत होतं. ड्युलोक्सेटिन सोडलेला माल परत ओढू देत नाही, त्यामुळे दटावणी जास्त वेळ टिकते. जुनी ॲमिट्रिप्टिलिनही पायांच्या जळजळीला याच वाटेने उपयोगी पडते, रात्री १० मिलिग्रॅमपासून सुरू करतात. हा परत ओढण्याचा प्रकार ज्युलियस ॲक्सेलरॉड यांनी उलगडला, १९७० च्या त्याच नोबेलमध्ये तेही होते.

आठवडा-दोन आठवडे थांबायला सांगा. पहिल्याच दिवशी "फरक नाही" म्हणून पत्ता फेकू नये. ॲमिट्रिप्टिलिन मात्र ओसरींच्या बाबांसारख्यांना जपून, तीही ॲसिटिलकोलिनला अडवते.

---

पाटपाणी | गुरुवार, रात्री ८:३०

"दटावणारी गोळी" म्हणून सांगितलं. घेतली. धन्यवाद.

---

ओसरी | शुक्रवार, रात्री ९:१०

नळी काढली. पहिल्या दोन तासांत बाबा तीनदा जाऊन आले आणि दर वेळी बाहेर येऊन आम्हाला किती ते मोजून सांगितलं. घरात इतकी कौतुकाने ऐकलेली आकडेवारी कधी नव्हती.

एक राहिलं. पुढच्या महिन्यात त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. टॅमसुलोसिन आठवडाभर आधी बंद करू का?

---

डॉ_फाटकी_छत्री | शुक्रवार, रात्री १०:३५

मनाने बंद करू नका. नळी आत्ताच निघालीय. शिवाय बंद करून फारसा उपयोगही नाही. बुबुळ रुंद करणाऱ्या स्नायूवरही अल्फा-१ असतो, आणि वर्षानुवर्षं टॅमसुलोसिन घेतलेल्यांचं बुबुळ ऑपरेशनच्या मध्येच लुळं पडून फडफडतं, आकसतं. २००५ मध्ये हे पहिल्यांदा नीट नोंदलं गेलं. गोळी थांबवल्यावरही तसं होऊ शकतं. डोळ्यांच्या डॉक्टरांना फक्त आधी माहीत हवं, मग ते तयारीत राहतात.

---

ओसरी | शनिवार, दुपारी १२:२०

आज फोन केला. डोळ्यांच्या डॉक्टर म्हणाल्या, बरं झालं सांगितलंत, फाइलवर लाल पेनने लिहिते. बुबुळ ताठ ठेवायला त्या ऑपरेशनच्या वेळी डोळ्यात एक औषध सोडणार आहेत. नाव विचारलं.

फेनिलेफ्रिन.

बाबांना सांगितलं, तर म्हणाले, "त्या गोळीवालं? नाकाला नाही लागू पडलं, डोळ्याला तरी पडू दे."